व्याजावरून मुद्दल: घातांकी फलनाचे समाकलन शिकवताना

बारावीच्या विज्ञान शाखेतील विद्यार्थ्याला ‘२ चा क्ष वा घात’ या फलनाचे समाकलन (इंटिग्रेशन) विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता सांगतो की तेच फलन भागिले लॉग २, अधिक सी हा स्थिरांक. लातूर-नांदेडकडच्या शिकवणी वर्गांतून गेलेली मुले तर प्रश्न वाचून होण्याआधीच योग्य पर्यायावर खूण करतात. मात्र त्याच मुलाला लॉग २ म्हणजे किती असे विचारले, की रसायनशास्त्राच्या गणितांसाठी हाताशी ठेवलेले लॉग टेबल उघडून तो ०.३०१० हा आकडा वाचून दाखवतो आणि गाडी तिथेच अडते.

हा आकडा चुकीचा आहे, हे सांगण्यापेक्षा ते विद्यार्थ्यालाच दिसू द्यावे. आलेख कागदावर २ च्या क्ष व्या घाताचा वक्र शून्यापासून एकपर्यंत काढायला सांगावे. डाव्या टोकाला उंची १ आहे, उजव्या टोकाला २ आहे, आणि पायाची रुंदी १ आहे. म्हणजे वक्राखालचे क्षेत्रफळ १ पेक्षा अधिक आणि २ पेक्षा कमी असलेच पाहिजे. किंबहुना वक्र खालच्या बाजूला झुकलेला असल्यामुळे ते १.५ पेक्षाही कमी भरले पाहिजे. समाकलनाच्या उत्तरात क्षची किंमत आधी १ आणि मग ० घालून वजाबाकी केली की हेच क्षेत्रफळ मिळते; इथे ती २ वजा १, म्हणजे १ भागिले लॉग २ अशी येते. आता १ ला ०.३०१० ने भागले तर ३.३२ येतात, म्हणजे संपूर्ण वक्राला पोटात घेणाऱ्या आयतापेक्षाही मोठे क्षेत्रफळ! योग्य भाजक ०.६९३१ हा आहे; त्याने भागले की १.४४ येतात आणि चित्राशी जुळतात.

याच चित्रावर दुसरी, अधिक खोलवर रुजलेली चूकही पकडता येते. क्षच्या वर्गाचे समाकलन करताना घातांक एकने वाढवून त्याच संख्येने भागायचे असते, हा नियम मुलांच्या हाताला इतका वळणी पडलेला असतो की ती २ च्या क्ष व्या घातालाही तोच लावतात आणि ‘२ चा क्ष अधिक १ वा घात, भागिले क्ष अधिक १’ असे लिहून मोकळी होतात. या उत्तरात क्षची किंमत १ घातली तर २ येतात, शून्य घातली तरीही २ च येतात. म्हणजे क्षेत्रफळ शून्य. ज्या वक्राची उंची कुठेही १ च्या खाली उतरत नाही, त्याच्याखाली जागाच नाही असे हे उत्तर म्हणते. पहिल्या फलनात पाया बदलतो व घातांक स्थिर राहतो, दुसऱ्यात पाया स्थिर राहून घातांक बदलतो, हा फरक मी पूर्वी फळ्यावर अधोरेखित करून सांगत असे. त्याचा फारसा उपयोग होत नसे. शून्य क्षेत्रफळाचे उत्तर मात्र मुले विसरत नाहीत.

मग भागायचे ते कशाने आणि का? इथे मला मराठवाड्यातल्या जुन्या व्यवहारातली सवाई उपयोगी पडते. पेरणीच्या तोंडावर चार पायली धान्य न्यायचे आणि सुगीला पाच पायली परत करायचे, हा तो हिशेब. आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून मुलांनी तो ऐकलेला असतो. सोळा पायली धान्य सवाईने लावले तर वर्षाने वीस होते, आणि ते तसेच फिरत ठेवले तर त्याच्या पुढच्या वर्षी पंचवीस. वाढ पहिल्या वर्षी चार पायलींची आहे, दुसऱ्या वर्षी पाच पायलींची. म्हणजे वाढही सवाईनेच वाढते, आणि दरवेळी ती त्या वेळच्या मुद्दलाच्या पाव असते. आता प्रश्न उलटा करावा: यंदा व्याज पाच पायली आले, तर मुद्दल किती होते? वर्गातला कुणीही सांगतो की वीस. पाचला पाव या दराने भागले, एवढेच त्याने केलेले असते.

घातांकी फलनाचे अवकलन, म्हणजे त्याच्या वाढीचा वेग काढणे, हे मुद्दलावरून व्याज काढणे आहे, आणि त्याचे प्रतिअवकलज, म्हणजे समाकलनाचे उत्तर, शोधणे म्हणजे व्याजावरून मुद्दल काढणे. पहिल्या कृतीत दराने गुणायचे, दुसरीत दराने भागायचे. एवढे नीट पटले की सूत्रात लॉग वर की खाली, हा परीक्षेच्या आदल्या रात्रीचा घोळ राहत नाही.

फरक एकच आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. सवाईत वाढ वर्षातून एकदा, उडी मारून होते. २ चा क्ष वा घात मात्र प्रत्येक क्षणी वाढत असतो. त्यामुळे दरही क्षणाचा काढावा लागतो. हे काम मुलांकडून कॅल्क्युलेटरवर करवून घ्यावे. क्ष शून्यापासून ०.१ पर्यंत गेला की फलन १ वरून १.०७१७७ होते, म्हणजे दर ०.७१७७, क्ष ०.०१ पर्यंतच नेला तर दर ०.६९५६ येतो, आणि ०.००१ पर्यंत नेला तर ०.६९३४. आकडे जिथे स्थिरावतात ती संख्या ०.६९३१ आहे, आणि तिलाच २ चा नैसर्गिक लॉग म्हणतात. क्ष ३ पाशी घेऊन हाच खटाटोप केला तर उतार सुमारे ५.५५ येतो, म्हणजे ८ च्या ०.६९३१ पट. दर तोच राहिला, मुद्दल तेवढे बदलले.

वर्षात दुप्पट व्हायचे तर दर १ हवा होता, तो ०.६९ कसा, अशी शंका एखादी हुशार मुलगी हमखास काढते. वाटेतल्या व्याजावरही व्याज चढत जाते, म्हणून कमी दरात दुप्पट गाठता येते. दर पूर्ण १ ठेवला, तर वर्षाअखेर एकाचे दोन न होता २.७१८ होतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गणितज्ञ जेकब बर्नुली चक्रवाढ व्याजाच्या याच प्रश्नाशी झटत होता. त्या संख्येला ई हे अक्षर पुढे ऑयलर या गणितज्ञाने दिले. ई च्या क्ष व्या घाताचे अवकलज (अवकलनाचे उत्तर) आणि प्रतिअवकलज तेच फलन असते, यात चमत्कार काही नाही. दर १ असला की गुणले काय आणि भागले काय, सारखेच. ई च्या ३क्ष व्या घातात दर ३ आहे, म्हणून समाकलनात ३ ने भागायचे.

०.६९३ हा आकडा खरे तर मुलांना अनोळखी नसतो. रसायनशास्त्रात प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल काढताना त्यांनी तो वापरलेला असतो, आणि त्याच धड्यातला २.३०३ हा गुणक टेबलातला लॉग नैसर्गिक लॉगमध्ये बदलून देतो: ०.३०१० गुणिले २.३०३ बरोबर ०.६९३. गणिताच्या पुस्तकात नुसते लॉग लिहिले की पाया ई समजायचा आणि रसायनशास्त्रात तसेच लिहिले की पाया दहा, हा दोन तासिकांमधला विसंवाद कुणीतरी मोकळेपणाने सांगायला हवा.

शेवटी जोडायच्या ‘सी’ विषयीही व्याजाचे उदाहरण कामाला येते. एखाद्याने काही रक्कम व्याजाने लावली आणि काही घरातल्या पेटीत ठेवली, तर आलेल्या व्याजावरून पहिली रक्कम कळेल; पेटीतली मात्र कळणार नाही, कारण तिच्यावर व्याजच येत नाही. अवकलज घेताना स्थिरांक नाहीसा होतो, तो उलट वाटेने आपोआप परत येत नाही. त्याची जागा राखून ठेवावी लागते.

घटत्या फलनात दर ऋण होतो, आणि तिथे चिन्हाच्या चुका होतात. यासाठी आपल्याकडच्या उन्हाळ्याचे गणित घ्यावे. समजा, १ फेब्रुवारीला एक बोअर दिवसाला २०,००० लिटर पाणी देते आणि दर ६० दिवसांनी हा ओघ निम्मा होतो. खरी बोअर इतकी शिस्तीने आटत नाही, पण मांडणीला ते पुरेसे आहे. मेअखेरपर्यंतच्या १२० दिवसांत एकूण किती पाणी मिळेल? रोजचा दर उणे ०.६९३ भागिले ६०, म्हणजे उणे ०.०११५५ आहे. २०,००० ला ०.०११५५ ने भागले की सुमारे १७.३ लाख लिटर येतात: बोअरमध्ये १ फेब्रुवारीला शिल्लक असलेले ‘मुद्दल’ हेच. मेअखेर ओघ पाव उरतो, म्हणून मुद्दलही पाव उरते, आणि हाती आलेले पाणी पाऊण, म्हणजे सुमारे १३ लाख लिटर. उणे चिन्ह सांगते ते एवढेच की रोज मिळणारे पाणी म्हणजे मुद्दलातली घट.

पहिल्या आणि शेवटच्या दिवसाच्या ओघाची सरासरी काढून १२० ने गुणले असते तर १५ लाख लिटर आले असते. दोन लाख लिटरची ही तफावत किरकोळ नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या पहिल्या रेल्वेगाडीला प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या, त्यातल्या चार वाघिणींचे हे पाणी होते.

दराने भागण्याचा हा नियम दर स्थिर असतो तोवरच चालतो, हे सांगितल्याशिवाय धडा संपवू नये. ई चा उणे क्ष-वर्ग वा घात घेतला तर दर उणे २क्ष होतो, म्हणजे तो स्वतःच क्षबरोबर बदलतो. त्याने भागून पाहिले आणि उत्तराचे पुन्हा अवकलन केले, तर मूळ फलनाबरोबर एक नको असलेले पदही येते. ते घालवण्याची कोणतीही युक्ती सापडणार नाही, कारण या फलनाचे प्रतिअवकलज घात, लॉग, त्रिकोणमितीय अशा नेहमीच्या फलनांनी लिहिताच येत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ जोसेफ लिउव्हिलने उभारलेल्या सिद्धांतातून हे सिद्ध होते. वक्राखालचे क्षेत्रफळ मात्र असतेच. शून्य ते एक या अंतरात पाव-पाव रुंदीच्या चार पट्ट्या पाडून प्रत्येकीला समलंब चौकोन मानले, तर मुलांच्या वहीत ०.७४३ येतात; खरी किंमत ०.७४६८ आहे.