टोळधाड (वाळवंटी टोळांचे उत्प्रवासन)

वाळवंटी टोळ (शिस्टोसर्का ग्रेगॅरिया) एखाद्या प्रदेशात बेसुमार वाढले की थव्याने तेथून बाहेर पडतात. या स्वारीला टोळधाड म्हणतात. हे उत्प्रवासन पक्ष्यांच्या हंगामी ये-जा करण्यासारखे नाही. टोळाचे आयुष्य तीन ते पाच महिन्यांचे असल्याने निघालेला टोळ सहसा परतत नाही. परतली तर त्याची पुढची पिढी.

सगळे टोळ नाकतोडेच असतात, पण दाटी झाली की रंग, वागणूक आणि पुढे शरीराची ठेवणही बदलणारे नाकतोडे मोजकेच. हा फरक बराच काळ ध्यानात आला नव्हता. लोकस्टा मायग्रेटोरिया या दुसऱ्या टोळाची एकलावस्था आणि थवावस्था या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. त्या एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत, असे कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ मध्ये मांडले. वाळवंटी टोळालाही तेच लागू पडते.

कारणे : सुरुवात पावसाने होते. मादी ओलसर रेताड जमिनीत १० ते १५ सेंमी. खोल अंडी घालते. ओल तेवढी खोल नसेल तर अंडी वाळून जातात. परिस्थिती अनुकूल राहिल्यास तीन महिन्यांत संख्या सुमारे २० पट, सहा महिन्यांत ४०० पट आणि नऊ महिन्यांत ८,००० पट होऊ शकते. मे २०१८ मधील मेकुनू आणि ऑक्टोबरमधील लुबान या चक्रीवादळांनी अरबस्तानातील रुब अल्-खाली वाळवंट भिजवले. तेथे लागोपाठ तीन पिढ्या वाढल्या आणि २०१९-२० च्या धाडींचे मूळ प्रामुख्याने तेथेच मानले जाते.

मात्र नुसती संख्या वाढून थवा बनत नाही. पावसाळी हिरवळ सुकू लागली की उरलेल्या झुडपांवर टोळ एकवटतात. टोळ तेवढेच, पण चारा सर्वत्र सारखा पसरलेला असेल तर ते एकलकोंडेच राहतात; चारा पुंजक्यांत उरला तर अंगाला अंग लागते. मागच्या पायाच्या मांडीला वारंवार स्पर्श झाला की दोन ते चार तासांत टोळ एकमेकांना टाळायचे सोडून एकमेकांकडे ओढले जाऊ लागतात. या वेळी वक्षातील चेतागुच्छिकांत (चेतापेशींच्या गाठींत) सेरोटोनिन हे चेतापेशींमधील संदेशवाहक रसायन वाढते, असे २००९ मध्ये दिसून आले. रंग आणि शरीराची ठेवण बदलायला मात्र अधिक काळ, क्वचित काही पिढ्या लागतात.

हा बदल पिल्लांकडे कसा जातो, यावर एकमत नाही. मादी अंड्यांभोवती सोडते त्या फेसातील द्रव्यामुळे, असे ब्रिटनमधील प्रयोगांतून मांडले गेले. अंडी धुऊन आणि सुटी करून पाहिल्यावर जपानी संशोधकांना तसा परिणाम आढळला नाही. त्यांच्या मते अंडी घालण्याआधीच, मादीच्या शरीरात अंड्याचा आकार ठरतो तेव्हा, हा बदल पक्का होतो. हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे.

बिनपंखी पिल्लांची कूच हा आणखी एक वादविषय. प्रयोगशाळेतील वर्तुळाकार रिंगणात थोडी पिल्ले असली तर ती वाटेल तशी भटकतात. चौरस मीटरला साधारण ७० ते ७५ झाली की सगळी एका दिशेने चालू लागतात. मागचा चावेल म्हणून पुढचा चालतो, असे एक स्पष्टीकरण आहे. पोटाच्या मागील भागाची संवेदना काढून घेतलेली पिल्ले खरोखर कमी चालली आणि इतर पिल्लांकडून अधिक संख्येने खाल्ली गेली. तेव्हा केवळ चारा संपल्याने टोळ निघतात, हा समज अपुरा ठरतो.

उड्डाण : पाचवी कात टाकल्यावर पंख कडक व्हायला काही दिवस लागतात. नंतर थवा ऊन चढल्यावर उठतो, वाऱ्याबरोबर जातो आणि सूर्यास्ताच्या सुमारास झाडांवर बसतो. रंग पाहून पुढचा अंदाज येतो : गुलाबी टोळ अपक्व असून खातो आणि दूर उडतो, पिवळा टोळ प्रजननक्षम असतो, म्हणून तो बसेल तेथील जमिनीत अंडी शोधावी लागतात. मे २०२० मध्ये राजस्थानात पुरेशी हिरवळ नसल्याने गुलाबी थवे मध्य प्रदेशातून विदर्भात आले. मोर्शी, आष्टी, काटोल या भागांत ते उतरले.

परिणाम : मूळ प्रदेशात दाटी ओसरते आणि मागे राहिलेले टोळ हळूहळू एकलावस्थेकडे वळतात. पोहोचण्याच्या ठिकाणी एक चौ. किमी. थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. प्रत्येक टोळ दिवसाला आपल्या वजनाएवढे, म्हणजे सुमारे २ ग्रॅम खातो. पुष्कळ थवे मात्र वाया जातात. ऑक्टोबर १९८८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून निघालेले टोळ अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोहोचले, पण तेथे त्यांनी मूळ धरले नाही.

नियंत्रण : थवा बसलेला असताना, पहाटे फवारणी करतात. मॅलेथिऑन ९६ टक्के हे औषध अतिसूक्ष्म थेंबांच्या यंत्राने मारतात. भर दुपारी तापलेली हवा थेंब वर उचलून नेते आणि औषध वाया जाते. थाळ्या-डबे वाजवल्याने थवा उठतो, मरत नाही. शेजारच्या शिवारात जाऊन बसतो.

मुंबई टोळ : ही वेगळी जात. पश्चिम भारतात तिच्या मोठ्या धाडी १९०१ ते १९०८ या काळात झाल्या. त्यानंतर ती येथे एकलावस्थेतच आढळते. थायलंडमध्ये १९६० च्या दशकात जंगले तोडून मका लावला गेला आणि हाच टोळ तेथे उपद्रवी ठरला. तेथील लोक तो तळून खातात.