बीज-अनुदान (शिक्षणविषयक संशोधनासाठी)

अध्यापन आणि अध्ययन कसे सुधारेल याचा शोध घेऊ पाहणाऱ्या प्राध्यापकाला कामाची सुरुवात करण्यापुरती विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने दिलेली छोटी, परत न करावयाची रक्कम. स्टाफरूममध्ये ‘बीज-अनुदान’ क्वचितच ऐकू येते. तिथे ‘सीड मनी’च म्हणतात. जिल्हा उद्योग केंद्राच्या बीजभांडवल योजनेशी त्याची गल्लत होते, पण ते कर्ज असते आणि हप्त्यांनी फेडावे लागते. सीड मनीची फेड अहवालाने होते. काहींना तीच जड जाते.

मोठे अनुदान देणारी कोणतीही संस्था आधी विचारते, की तुमच्या हाती आजवर काय लागले आहे? हाती काही लागायचे तर थोडा पैसा लागतो, आणि तो मागायला गेले की पुन्हा तोच प्रश्न. हा फेरा तोडणे हे बीज-अनुदानाचे मुख्य काम. शिक्षणाच्या संशोधनात अडचण आणखी एक आहे. इथली प्रयोगशाळा म्हणजे वर्ग, आणि प्रथम वर्षाचा वर्ग वर्षातून एकदाच येतो. प्रश्नावली जूनमध्ये तयार नसेल तर पुढच्या जूनची वाट पाहावी लागते.

समजा, वाशीतल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना दिसते, की मराठी माध्यमातून आलेली मुले ‘मोल’ (पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक) या संकल्पनेपाशी अडतात. गणिते सुटतात, पण उत्तराचा अर्थ सांगता येत नाही. अडचण रसायनाची आहे की इंग्रजीची? दोन तुकड्या घ्यायच्या, एकीला द्विभाषिक टिपणे द्यायची, दोन्हींच्या चाचण्या घ्यायच्या, दहा-बारा मुलांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून शब्दशः उतरवायच्या. यात महागडे उपकरण कुठेच नाही. खर्च आहे तो मुलाखती उतरवून घेण्याचा, छपाईचा, मदतनीस विद्यार्थ्याच्या मानधनाचा आणि थोडा प्रवासाचा. म्हणूनच विज्ञान शाखांच्या मानाने अगदी लहान रकमेत असे काम उभे राहते. अडचण येते ती छाननी समितीत. मायक्रोस्कोपची किंमत सगळ्यांना पटते. ‘मुलांशी बोलायला पैसे कशाला?’ हा प्रश्न मात्र हमखास येतो.

अमेरिकेत ही पद्धत चांगली रुळली आहे. शिक्षणविषयक संशोधनालाच वाहिलेले स्पेन्सर फाउंडेशन ५०,००० डॉलरपर्यंतची छोटी अनुदाने देते. हार्वर्ड विद्यापीठाने २०११ मध्ये हाउसर दांपत्याच्या ४ कोटी डॉलरच्या देणगीतून अध्ययन-अध्यापनाचा उपक्रम सुरू केला आणि आपल्याच अध्यापकांच्या प्रयोगांना त्यातून पैसे दिले. भारतात अशा कामाचा आधार मुख्यतः केंद्रीय संस्थांकडून आला. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ मध्ये स्थापन झाली; तिचे पहिले सदस्य-सचिव शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. एनसीईआरटीची शैक्षणिक संशोधन व नवोपक्रम समिती १९७४ पासून शिक्षणविषयक प्रकल्पांना साहाय्य करते. महाविद्यालयीन अध्यापकांच्या सर्वांत ओळखीचा होता तो विद्यापीठ अनुदान आयोगाचा लघु संशोधन प्रकल्प. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर (२०१२–१७) तो झरा आटला. आयोगाने २०२२ मध्ये नव्याने रुजू झालेल्या अध्यापकांसाठी १० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान जाहीर केले, तेही दौलतसिंह कोठारी यांच्या नावाने. ज्या शिक्षण आयोगाचे (१९६४–६६) कोठारी अध्यक्ष होते, त्याचेही सदस्य-सचिव नाईकच होते.

संस्थांनी स्वतःच्या तिजोरीतून पैसे द्यावेत, याला खरा जोर आला तो नॅकमुळे, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेमुळे. नॅकच्या २०१७ नंतरच्या मूल्यांकनात विद्यापीठे आणि स्वायत्त महाविद्यालये यांना ‘अध्यापकांना संशोधनासाठी दिलेले सीड मनी’ वेगळे दाखवावे लागू लागले. ठाण्यातील बांदोडकर व जोशी-बेडेकर महाविद्यालये, वाशीचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय ही अशी स्वायत्त महाविद्यालये, नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम ही अभिमत विद्यापीठे. संलग्न महाविद्यालयातील अध्यापकांसाठी मुंबई विद्यापीठाच्या लघु संशोधन प्रकल्पांची वाट आहे. मात्र नॅकला रक्कम मोजता येते, प्रश्नाचा कस मोजता येत नाही. त्यामुळे एकाच चांगल्या प्रकल्पाला पुरेसे देण्याऐवजी रक्कम अनेकांत वाटून टाकण्याचा मोह सर्वत्र दिसतो.

शिक्षणाचे संशोधन म्हणजे बी.एड. महाविद्यालयाचे काम, ही समजूत नवी मुंबईत तरी टिकू नये. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर बेतलेला) अभ्यासक्रम लागू झाला आणि पहिल्या वर्षीच रुग्णाशी गाठ, सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स असे बदल आले. ते कितपत उपयोगी पडतात, हे तपासण्याचे काम इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राच्या शिक्षकांकडेच येते. विज्ञानशिक्षणाच्या संशोधनासाठी तर फार लांब जावे लागत नाही. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे.

प्रकल्प शाळेत नेला की परवानग्यांचे प्रकरण सुरू होते. महापालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाचे पत्र, मुख्याध्यापकांची संमती, पालकांच्या सह्या. नवी मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालवते, म्हणजे संमतीपत्रही तितक्या भाषांत हवे. यात दोन-तीन महिने सहज जातात. अनुदानाची मुदत बहुधा एक वर्ष. तेवढ्यात दिवाळीची सुट्टी येते, परीक्षा येतात आणि ३१ मार्च येतो. शैक्षणिक वर्ष जूनचे आणि आर्थिक वर्ष एप्रिलचे, ही विसंगती या अनुदानाला नेहमी नडते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिले गोळा करून, सनदी लेखापालाची सही घेऊन पैसे ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (सगळे त्याला ‘यूसी’ म्हणतात) सादर करण्याची धावपळ उडते. निष्कर्षांची वेळ त्यानंतर.

पैशाहून दुर्मीळ आहे तो वेळ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते, आणि सीड मनी मिळाले म्हणून त्यातला एकही तास आपोआप कमी होत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. रिक्त जागांमुळे कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधन घेणारे, शिक्षक सांभाळतात. प्रथम वर्षाची मुले कुठे अडतात हे त्यांना सर्वांत जवळून दिसते, पण अनुदानासाठी अर्ज करताना ‘नियमित नेमणूक’ ही अट साधारणपणे पहिलीच असते.

ठाणे जिल्ह्यात बीज-अनुदान हा शब्द येण्याआधीची एक परंपरा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरात आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा आजच्या भाषेत ‘पायलट’च, म्हणजे लहान प्रमाणावर करून पाहिलेला पहिला प्रयोग. तिच्या खर्चाचे शीर्ष कोणत्या तक्त्यात बसवायचे, हे एखाद्या लेखा विभागाला विचारून पाहावे.

प्रकल्प संपल्यावर अनुदानातून घेतलेला ध्वनिमुद्रक संस्थेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढतो आणि कपाटात जातो. त्यावर मुद्रित केलेल्या मुलाखती, चाचण्यांचे गुण आणि न जमलेल्या प्रयोगाची टिपणे यांच्यासाठी मात्र बहुतेक ठिकाणी रजिस्टर नसते. ती त्या अध्यापकाच्या लॅपटॉपमध्ये राहतात आणि त्याच्याबरोबर निवृत्त होतात. पुढच्या जूनमध्ये दुसरे कुणीतरी ‘मोल’पाशी अडलेल्या मुलांसाठी नवी प्रश्नावली लिहायला बसते.