ओट्यामागची भिंत : चुन्यापासून इपॉक्सीपर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईत घराचे नूतनीकरण काढले की ओट्यामागच्या भिंतीला, म्हणजे कारागिरांच्या बोलीतल्या ‘डॅडो’ला, कोणत्या टाइल्स लावाव्यात यावर बराच खल होतो. हा प्रश्न फार जुना नाही. जमिनीवरच्या चुलीपुढे बसून स्वयंपाक होत होता तोवर भिंतीचे दुखणे काजळीचे होते आणि दिवाळीपूर्वी चुन्याचा हात मारला की ते वर्षापुरते मिटत असे.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला आणि पुढच्या काळात उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा घरोघरी रुळला. शेगडी भिंतीपासून वीतभर अंतरावर आली. काजळी गेली, पण तिच्या जागी फोडणीचे तेल आणि हळद थेट भिंतीवर उडू लागली. चुना तेल शोषून घेतो आणि ऑइलपेंट रोजच्या वाफेने व घासण्याने निस्तेज होतो, त्यामुळे झिलईची टाइल हाच टिकाऊ उपाय ठरला.

अशी टाइल स्वस्तात निघण्याची वाट १८४० साली रिचर्ड प्रॉसर याने इंग्लंडमध्ये घेतलेल्या पेटंटमुळे खुली झाली होती. ओल्या चिखलाऐवजी जवळजवळ कोरडी माती साच्यात दाबण्याची ती पद्धत होती. आपल्या परिसरात उरणला १९२०च्या दशकात भारत टाइल्सचे काम सुरू झाले, पण ती सिमेंटची, जमिनीसाठीची फरशी. झिलईच्या भिंतीच्या टाइल्सचे नाव इथे रुजवले ते १९५८ साली स्थापन झालेल्या एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) या कंपनीने, आणि तिचा कारखाना ठाण्यातच होता.

१९७० साली नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. त्या पिढीच्या घरांतला परिचित थाट म्हणजे कडप्प्याचा ओटा आणि त्यामागे जेमतेम दोन फूट उंचीच्या छोट्या पांढऱ्या टाइल्स. या पांढऱ्या रंगाला आज रुक्ष म्हणतात. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण डाग लपत नसल्यामुळे तो पुसलाच जाई. खरी अडचण टाइलची नव्हती, सांध्यांची होती. आठ फूट लांब आणि दोन फूट उंच भिंतीला सहा इंची चौरस टाइल्स ६४ लागतात आणि त्यांच्यामधले सांधे भरतात ५४ फूट. त्यांत भरलेले पांढरे सिमेंट सच्छिद्र असल्याने तेल पिऊन पिवळे पडे आणि पावसाळ्यात कोपऱ्यांत काळपट बुरशी धरे.

पुढे टाइलचा आकार वाढत गेला, तो केवळ हौसेने नव्हे. एक फूट बाय दोन फुटांच्या टाइल्स आडव्या लावल्या तर त्याच भिंतीला आठच पुरतात आणि सांधे १४ फुटांवर येतात. मूळची कौलांसाठी ओळखली जाणारी गुजरातमधली मोरबी टाइल्सची मोठी पेठ झाली आणि हा माल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. मधल्या काळात द्राक्षांचे घड आणि किटल्या छापलेल्या ‘हायलायटर’ टाइल्सची लाट आली. तिच्याविषयी अधिक न लिहिलेले बरे. त्यानंतरच्या इंकजेट छपाईमुळे संगमरवराच्या शिरा किंवा लाकडाचे पोत टाइलवर हुबेहूब उतरू लागले.

आता फॅशन उलटी फिरली आहे. १९०४ साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या, तीन बाय सहा इंची पांढऱ्या टाइल्सचा घाट घोडबंदर रोडवरच्या आणि खारघरच्या स्वयंपाकघरांत दिसतो. आपल्या त्याच भिंतीवर या टाइल्स सरळ रांगेत बसवल्या तर सांधे ८६ फुटांवर जातात, म्हणजे सिडकोच्या काळापेक्षाही अधिक. हे परवडते ते इपॉक्सी ग्राउटमुळे, म्हणजे सांध्यांत भरायच्या रेझिनच्या लुकणामुळे. ते तेल व पाणी जवळपास शोषत नाही, मात्र महाग असते आणि लवकर घट्ट होत असल्याने मिस्त्रीचा हात सराईत लागतो. साध्या सिमेंटचे ग्राउट भरायचे असेल तर छोट्या टाइलचा हट्ट सोडून मोठी, झिलईची टाइल घ्यावी आणि ग्राउटचा रंग पांढऱ्याऐवजी राखाडी निवडावा. खडबडीत मॅट टाइल शेगडीमागे टाळावी, कारण तिच्या पोतात बसलेला तेलकटपणा घासूनही सहज निघत नाही.