युरोव्हिजनसाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा? लक्झेंबर्गच्या उदाहरणावरून पात्रता, कागदपत्रं आणि मुदती

मे महिना आला, म्हणजे युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा आली, की तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो : "आमची मुलगी छान गाते, युरोव्हिजनला नाव कसं द्यायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. इथे वाढलेली, घरी सा रे ग म शिकलेली कितीतरी मुलं या मंचावर शोभतील अशी गातात. पण नाव कुठे द्यायचं इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून सुरुवात तिथून करतो.

युरोव्हिजनकडे कलाकाराला थेट अर्ज करता येत नाही. देशाचं सरकारही अर्ज करत नाही. भाग घेते ती त्या देशाची प्रसारण संस्था, आणि ती युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची, म्हणजे ईबीयूची, सदस्य असावी लागते. लिख्टेनस्टाइन युरोपच्या मधोमध असूनही आजवर स्पर्धेत उतरलेला नाही, कारण तिथे अशी सदस्य संस्थाच नाही. भारत ईबीयूच्या प्रसारण क्षेत्राबाहेर येतो, त्यामुळे आपल्याकडून प्रवेशिका जाण्याचा मार्ग आज नाही. ऑस्ट्रेलिया दिसतो तो खास निमंत्रणामुळे. तिथली एसबीएस वाहिनी २०१५ पासून भाग घेते आहे.

लक्झेंबर्गची अशी सदस्य वाहिनी म्हणजे आरटीएल. १९५६ च्या पहिल्या स्पर्धेत हा देश होता, १९९३ नंतर बाहेर पडला आणि तब्बल ३१ वर्षांनी, २०२४ मध्ये स्वीडनमधल्या माल्मोच्या स्पर्धेत परतला. परतीच्या वर्षीच टाली ही गायिका अंतिम फेरीत तेराव्या क्रमांकावर आली. त्यासाठी आरटीएलने खुले अर्ज मागवले, ऑडिशन घेतल्या आणि २७ जानेवारी २०२४ ला एश-सुर-आल्झेटच्या रॉकहालमध्ये आठ प्रवेशिकांतून निवड केली. आपला अर्ज जातो तो या राष्ट्रीय निवड फेरीसाठी. ही गोष्ट एकदा लक्षात आली की पुढचं सगळं सोपं होतं.

आता पासपोर्टचा प्रश्न. ईबीयूच्या नियमांत गायकाच्या राष्ट्रीयत्वाची अट नाही. लक्झेंबर्गने ही स्पर्धा पाच वेळा जिंकली (१९६१, १९६५, १९७२, १९७३ आणि १९८३), आणि त्या पाचही विजेत्यांपैकी एकही लक्झेंबर्गचा नव्हता. चार फ्रेंच, एक ग्रीक. १९८८ ला स्वित्झर्लंडला जिंकून देणारी सेलीन डिऑन कॅनडाची. पण निवड फेरीचे नियम प्रत्येक वाहिनी स्वतः ठरवते आणि खरी चाळणी तिथे लागते. आरटीएलला कलाकाराचं देशाशी नातं हवं असतं : नागरिकत्व, वास्तव्य किंवा तिथल्या संगीतविश्वातलं काम. एस्टोनियाच्या निवड फेरीत परभाषेतल्या गाण्याला एस्टोनियन गाण्याच्या दुप्पट शुल्क घेतलं गेलं आहे. याउलट सान मारिनोने गेल्या काही वर्षांत कुठल्याही देशाच्या कलाकाराला दार उघडं ठेवलं, २०२४ ला तर त्यांच्याकडून एक स्पॅनिश बँड गेला. म्हणून आपल्या देशाची नियमावली आधी मुळापासून वाचा. शेजारच्या देशात चाललं म्हणून आपल्याकडे चालेल असं धरू नका.

वयाची अट सगळ्यांना सारखी आहे : स्पर्धेच्या वेळी १६ वर्षं पूर्ण हवीत. ९ ते १४ वयाच्या मुलांसाठी ज्युनिअर युरोव्हिजन वेगळी असते. आणि एका वर्षी एकाच देशाकडून गाता येतं.

गाण्याच्या अटी मात्र नीट समजून घ्या, कारण चांगली गाणी इथेच बाद होतात. लांबी जास्तीत जास्त तीन मिनिटं. ओळखीतल्या एका मुलीचं गाणं तीन मिनिटं अकरा सेकंदांचं होतं. तिने दुसऱ्या अंतऱ्याआधीचा बासरीचा तुकडा काढला, ध्रुवपदाची एक आवृत्ती कमी केली आणि दोन मिनिटं सत्तावन्न सेकंदांवर आणलं. बासरी गेल्याचं तिला फार लागलं होतं, पण गाणं खरोखरच घट्ट झालं. गाणं नवं असावं लागतं : आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी ते बाजारात आलेलं नको. त्याआधी यूट्यूबवर टाकलं असेल किंवा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात गायलं असेल, तर अर्जातच तसं सांगा. त्यामुळे अनुचित फायदा झाला नाही असं ठरलं तर सूट मिळू शकते, लपवलं तर अडचण होते.

मंचावर जास्तीत जास्त सहा जण. मुख्य आवाज थेट गायचा, मागचे पूरक आवाज २०२१ पासून ध्वनिमुद्रित चालतात. वाद्यं सगळी ट्रॅकवरच वाजतात. म्हणजे ढोलकी मंचावर नेता येते, हात फिरवता येतो, पण लोकांना ऐकू येते ती स्टुडिओत वाजवलेली. त्यामुळे ढोलकीवाला ध्वनिमुद्रणालाच चांगला गाठा. प्राणी मंचावर चालत नाहीत, राजकीय मजकूर चालत नाही. भाषेचं बंधन १९९९ पासून नाही. ईबीयूच्या बाजूने पूर्ण मराठी गाण्यालाही आडकाठी नाही, आणि मला मनापासून वाटतं की कुणीतरी एकदा ते करावं.

कागदपत्रांत साधारणपणे ओळखपत्र, वयाचा आणि गरजेप्रमाणे वास्तव्याचा पुरावा, गाण्याची ध्वनिफीत, मूळ शब्द आणि भाषांतर, थेट गातानाचा व्हिडिओ, छायाचित्रं आणि अल्पपरिचय मागतात. सगळ्यात महत्त्वाचा कागद हक्कांचा. संगीतकार, गीतकार, संयोजक अशा सगळ्यांची नावं, प्रत्येकाचा टक्का आणि सह्या असलेलं स्प्लिट शीट गाणं तयार होतानाच करून ठेवा. मित्राने दोन ओळी सुचवल्या असतील तर त्याचंही नाव घाला. संगीतकार पुण्या-मुंबईत बसून काम करत असेल, तर त्याची आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या भारतातल्या संस्थेकडे, नोंदणी आहे का ते विचारा. जुन्या रेकॉर्डवरचा तुकडा वापरला असेल तर लेखी परवानगी हवी. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं : आपल्या वास्तव्य परवान्यावर मानधन घेऊन कला सादर करता येते का.

मुदतींचं गणित असं. देशांच्या वाहिन्या साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आपला सहभाग कळवतात आणि मार्चच्या मध्याला अंतिम गाणं ईबीयूकडे देतात. त्यामुळे लक्झेंबर्गसारख्या देशांत अर्ज उन्हाळ्यातच सुरू होतात आणि निवड फेरी जानेवारीत होते. मे महिन्यात स्पर्धा पाहून हुरूप आला, तर तेव्हाच चाल बांधायला बसा. दिवाळीनंतर सुरुवात केली तर ते वर्ष गेलं.

भारतातल्या आजी-आजोबांना नातीसाठी मत देता येतं. २०२३ पासून सहभागी नसलेल्या देशांतल्या प्रेक्षकांची ऑनलाइन मतं एकत्र करून एका देशाइतके गुण दिले जातात. मताला पैसे पडतात, कार्ड लागतं, आणि अंतिम फेरी भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीनंतर सुरू होते.