पकड-पुनर्पकड पद्धत

एकेक करून मोजता न येणाऱ्या समूहाची एकूण संख्या दोन वेळच्या नमुन्यांवरून अंदाजण्याची सांख्यिकीय पद्धत. पहिल्या खेपेला काही प्राणी पकडायचे, खूण करून सोडायचे. ते बाकीच्यांत मिसळले की पुन्हा काही पकडायचे आणि त्यांत खुणेचे किती निघतात ते पाहायचे. दुसऱ्या पकडीत खुणेच्यांचे जे प्रमाण पडते तेच सबंध समूहात आहे असे धरून हिशेब करतात.

सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागेला लागून अस्तर टाकलेले एखादे शेततळे आहे आणि त्यात रोहू सोडलेला आहे, असे समजू. जाळे ओढून 200 मासे काढले, प्रत्येकाच्या पराचा कोपरा कातरला आणि परत सोडले. चार दिवसांनी पुन्हा जाळे ओढले. 150 मासे आले, त्यांत कातरलेल्या पराचे 12. मग 200 गुणिले 150, भागिले 12, म्हणजे 2500 मासे. फेरपकड, म्हणजे दुसऱ्या वेळी सापडलेल्या खुणेच्यांची संख्या, कमी असली की हे साधे सूत्र आकडा थोडा फुगवते, म्हणून डग्लस चॅपमन यांनी 1951 मध्ये सुचवलेली दुरुस्ती वापरतात: तिन्ही संख्यांत एकेक मिळवायचा आणि शेवटी एक वजा करायचा. तसे केल्यास उत्तर सुमारे 2334 येते. पण खरे पाहायचे ते पुढेच. या आकड्याची 95 टक्के विश्वासमर्यादा (खरी संख्या जिच्या आत असावी असे मानतात ती कक्षा) ढोबळमानाने 1200 ते 3500 इतकी रुंद आहे. जाळ्यात 12 ऐवजी 10 खुणेचे आले असते तर साध्या सूत्राने 3000 मासे ठरले असते, 15 आले असते तर 2000. सगळा डोलारा त्या बारा माशांवर उभा आहे. म्हणून अहवालात नुसता एकच आकडा छापलेला दिसला तर फेरपकड किती होती, हे आधी विचारावे.

फ्रान्सची लोकसंख्या काढण्यासाठी फ्रेंच गणिती लाप्लास यांनी 1802 च्या सुमारास याच तर्काचा आधार घेतला. देशभरच्या जन्मनोंदी आणि निवडक गावांतील लोकसंख्येचे जन्मांशी असलेले प्रमाण यांवरून त्यांनी सुमारे 2.83 कोटी हा आकडा काढला. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी 1896 मध्ये चपट्या माशांना बिल्ले लावले, तर अमेरिकेतील फ्रेडरिक लिंकन यांनी 1930 मध्ये शिकाऱ्यांनी परत पाठवलेल्या पायांतल्या कड्यांवरून रानबदकांची संख्या अंदाजली. सूत्राला या दोघांचे नाव आहे.

शेततळ्याचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण तिथे समूह ‘बंद’ असतो: बाहेरून मासा येत नाही, आतला जात नाही. ही या पद्धतीची पहिली अट. उजनीच्या जलाशयात हे धरता येत नाही. भीमेतून आवक चालू, धरणातून विसर्ग चालू आणि भोई-कोळ्यांची जाळी रोजची. तिथली चिलापी मोजायची तर अनेक खेपांची पकड आणि मृत्यू-स्थलांतर हिशेबात घेणारी, जॉली आणि सीबर यांनी 1965 मध्ये मांडलेली ‘खुल्या’ समूहाची पद्धत लागते.

दुसरी अट अशी की प्रत्येक प्राणी सापडण्याची शक्यता सारखी हवी. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत हिचा निकाल लगेच लागतो. एकदा जाळीत सापडलेले कुत्रे पुढच्या वेळी गाडीचा आवाज ऐकूनच बोळात पसार होते. खुणेचे कमी सापडतात आणि अंदाज वर जातो. उलट, आमिषाला सोकावलेला प्राणी पुन्हा पुन्हा येतो आणि अंदाज खाली येतो. म्हणून कुत्री दुसऱ्यांदा पकडत नाहीत, नुसती पाहतात. नसबंदीच्या वेळी कानाला पाडलेली खाच ही आयती खूण असते. नाहीतर पहाटे रहदारी सुरू होण्याआधी ठरलेल्या रस्त्यांनी फिरून फोटो काढतात आणि अंगावरचे ठिपके, शेपटीचा वळसा, तुटका कान यांवरून कुत्रे ओळखतात. सोलापूरच्या विजापूर वेशीत मटणाच्या दुकानांपाशीच फेरी मारली तर तीच तीच कुत्री दिसणार, हे वेगळे सांगायला नको.

वाघाच्या पट्ट्यांनी हा प्रश्न सोपा केला. वन्यजीव अभ्यासक उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून केलेला अंदाज 1995 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या व्याघ्रगणनेत हे तंत्र रूढ झाले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मात्र ते तसेच चालत नाही. तिथला लांडगा बिनपट्ट्याचा, फोटोत एकापासून दुसरा ओळखणे जिकिरीचे. काळवीट तर कळपाने उघड्यावर चरतात, त्यांच्यासाठी सरळ रेषेत चालत अंतरे नोंदवण्याची पद्धत बरी. ज्या माळढोकासाठी 1979 मध्ये हे अभयारण्य झाले तो इतका विरळ झाला आहे की नमुना घ्यायलाच पक्षी पुरत नाहीत.

माणसांच्या बाबतीत पकडीची जागा यादी घेते. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी 1949 मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातील जन्ममृत्यूंची सरकारी नोंदवही आणि घरोघरची पाहणी एकमेकींशी ताडून, दोन्हींतून निसटलेल्या घटना किती हे काढले. हीच रीत सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांना लावायची तर एक यादी नोंदणीची आणि दुसरी पाहणीची घेता येईल. पण शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत बोलते. नोंदणीत ‘नरसम्मा’ असलेली बाई पाहणीत ‘नरसाबाई’ होते, माहेरचे आडनाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे. जुळणी चुकली की एकाच बाईच्या दोघी होतात आणि एकूण आकडा फुगतो. याच्या उलट दोषही असतो. नोंदणीचे कार्ड काढून घेणारी बाई पाहणीवाल्यालाही घरी भेटण्याची शक्यता जास्त, म्हणजे दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. मग अंदाज कमी येतो. असे परस्परावलंबन दोन याद्यांतून कळत नाही, म्हणून शक्य तिथे तिसरी यादी घेतात. तीन याद्यांतून नावांचे सात गट पडतात. त्यांची आपापसातली जुळणी पाहून गणिती प्रतिमान बसवतात आणि तिन्हींत नसलेल्यांचा आठवा गट त्यावरून काढतात.