ताप सप्टेंबरात, गळती डिसेंबरात

डेंग्यू उतरून अडीच-तीन महिने झालेले असतात, प्लेटलेट्स कधीच जागेवर आलेल्या, ऑफिस सुरू, जेवणखाण सुरू, माणूस आजारपण विसरून पण गेलेला असतो, आणि मग एक दिवस न्हाताना हातात केसांचा पुंजकाच येतो. मोरीची जाळी तुंबते, उशीवर केस, परातीतल्या पिठात केस. मग घरात चौकशी बसते की हे नक्की कशानं होतंय. बोअरचं पाणी, नवीन शाम्पू, हेल्मेट, परवा केलेलं स्मूदनिंग... संशयित भरपूर सापडतात, पण ज्यानं केलं तो तीन महिन्यांपूर्वीच येऊन गेलाय, त्याच्याकडं कुणी बघतच नाही.

आपल्या कोल्हापुरात पाऊस ओसरला की डेंग्यू-चिकुनगुनियाची साथ ठरलेली. गणपतीत ताप काढलेली माणसं मार्गशीर्षात केसांसाठी दवाखान्यात येतात, हा हिशोब एकदा डोक्यात बसला की अर्धी भीती तिथंच जाते.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचं वेळापत्रक स्वतंत्र असतं. वाढीचा काळ २ ते ६ वर्षं, मग दोन-तीन आठवडे काम आवरायचे, मग साधारण तीन महिने आराम, आणि आराम संपला की तो केस गळतो, त्याच मुळातून नवा निघतो. शिरोळ-करवीर भागातल्या उसासारखं आहे हे. कुणाचा आडसाली, कुणाचा सुरू, कुणाचा खोडवा, प्रत्येकाची वेळ वेगळी, त्यामुळं तोड एकदम येत नाही, शिवार हिरवंच दिसतं. एरवी डोक्यावरचे ८५-९० टक्के केस वाढीत असतात, उरलेले आरामात, आणि दिवसाला ५० ते १०० गळणं हे अगदी नॉर्मल, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता १०३-१०४ ताप चार-पाच दिवस राहिला, की हे वेळापत्रक कोलमडतं. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात वेगानं वाढणाऱ्या पेशींपैकी, आणि जीव वाचवायची वेळ आली की शरीर असली खर्चिक कामं आधी बंद करतं. वाढीतले बरेच केस वेळेआधीच आरामात जातात. पण गळत नाहीत! आराम तीन महिन्यांचा, म्हणून गळतीही तीन महिन्यांनी, आणि सगळ्यांनी एकदम रजा टाकलेली असल्यानं एकदमच. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात, अल्बर्ट क्लिगमन नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं १९६१ साली हे नाव दिलं. डेंग्यूच पाहिजे असं नाही, टायफॉईड, कोविड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, महिन्यात आठ-दहा किलो उतरवणारं कडक डाएट, कशानंही होतं. कोविडनंतर तर कित्येकांची गळती महिना-दीड महिन्यातच सुरू झाली होती.

गळलेला एक केस घ्या, काळ्या कपड्यावर ठेवा आणि उजेडात नीट बघा. मुळाकडच्या टोकाला मोहरीपेक्षा पण बारीक पांढरा गोळा दिसेल. लोक याला मूळच उपटून आलं समजतात आणि हबकतात. ते मूळ नाही ओ, आरामातल्या केसाचं ते सुकलेलं बूड आहे, खरं मूळ कातडीच्या आत शाबूत आहे आणि बऱ्याचदा तिथं नवीन केस सुरू पण झालेला असतो. गोळा दिसला म्हणजे केस आपली रजा पूर्ण करून पडलाय. दोन्ही टोकं नुसतीच तुटकी असतील तर ती वेगळी भानगड, म्हणजे केस मधेच तुटतोय, तिथं इस्त्री, केमिकल, घट्ट बांधणं याची चौकशी करायची.

अजून एक गंमत नखांवर बघायला मिळते. जोरदार आजारानंतर काही जणांच्या नखांवर आडवी खाच दिसते, एकाच नाही तर बऱ्याच बोटांवर, सारख्याच उंचीला. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरनं १८४६ मध्ये याचं वर्णन केलं होतं. आजारात नखाची वाढ पण मंदावते, त्याची ती खूण. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी सरकतं, म्हणजे खाच मुळापासून ६ मिमीवर असेल तर दोनेक महिन्यांपूर्वी काहीतरी झालं होतं असा अंदाज निघतो. नखाची नोंद डोळ्यांना दिसते, केसाची दिसत नाही एवढाच फरक.

आता खरा मुद्दा, आणि मला वाटतं यावरच सगळा बाजार चाललाय. ही गळती बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. माणूस गळती जोरात असताना घाबरून माक्याचं तेल आणतो, मग जास्वंद, मग कांद्याचा रस, मग कुणीतरी सांगितलेलं दोन हजारांचं सीरम, आणि कॅलेंडरप्रमाणं गळती कमी होते नेमकी त्या सीरमवर. झालं! आता तो माणूस आयुष्यभर गल्लीत सांगत फिरणार की भावा मला याचा लई फरक पडला. खोटं बोलत नाही तो, फक्त थांबणाऱ्या गाडीला हात दाखवला आणि गाडी थांबली. खोबरेल लावावं, केस कमी तुटतात, डोक्याला बरं वाटतं, पण तीन महिन्यांपूर्वी रजेवर गेलेला केस तेलानं परत कामावर येत नाही. कांद्याचा रस लावून डोकं लाल करून घेतलेली माणसं पण बघितलीत.

आणि टक्कल करा म्हणजे दाट येतील, हे सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतोच. वस्तरा कातडीच्या वर चालतो आणि केस बनतो खाली. १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेनं पुरुषांच्या दाढीवर तपासून बघितलं होतं, वस्तऱ्यानं ना जाडी बदलली ना वेग. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं एवढंच.

खाण्याकडं मात्र लक्ष द्या, तिथं खरंच हातात काहीतरी आहे. आजारपणात पेज, मऊ भात, मुगाची खिचडी चालते, पण आपल्याकडं ती महिनाभर चालवतात. केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच. भूक लागायला लागली की अंडी, डाळी, उसळी, मासे, मटण खाणाऱ्यांनी मटण (नुसता पांढरा रस्सा ओरपून होत नाही, फोडी पण खायच्या), गंगावेशीच्या कट्ट्यावरचं दूध पचत असेल तर तेही. बायकांत लोहाची कमतरता इतकी जास्त आहे की हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) तपासून घेतलेलंच बरं, आणि लोहाची गोळी चालू असेल तर जेवणावर लगेच चहा नको, चहा लोह शोषू देत नाही. त्यापेक्षा लिंबू पिळा.

पण केसांसाठी म्हणून मिळेल ती गोळी खाऊ नका. २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांची काही दिवसांत टकलं पडली, ती बातमी आठवत असेल. तपासणीत सेलेनियम नावाचं खनिज जास्त सापडलं. सेलेनियम हे केसांच्या कित्येक गोळ्यांत पण असतं, थोडं लागतंच, जास्त झालं की तेच केस घालवतं. व्हिटॅमिन 'ए'चं पण तसंच.

कॅन्सरच्या केमोतली गळती याच्या उलट चालते, ते एक वेगळं सांगायला पाहिजे. तिथं औषध थेट वाढीतल्या पेशींवरच मारा करतं, म्हणून तीन महिने थांबायची भानगड नाही, दोन-चार आठवड्यांतच जातात आणि बऱ्याचदा जवळजवळ सगळेच जातात. औषध संपल्यावर एक ते तीन महिन्यांत नवे यायला लागतात, कधी आधी सरळ होते ते कुरळे येतात. इथं पहिल्या डोसआधीच केस बारीक करून घेणं, विगचा रंग जुळवून ठेवणं, सुती टोपी आणणं हे बऱ्याच जणींना सोपं जातं, पुंजके बघत बसण्यापेक्षा.

मनाचं काय, तर ते केसांपेक्षा अवघड. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी म्हणतंच, "वैनी, केवढा शेपटा होता ओ तुमचा, काय झालं?" विचारणाऱ्या बाईच्या मनात काही नसतं, पण घरी येऊन आरशासमोर अर्धा तास जातो. माझं मत असं की एकच उत्तर पाठ करून ठेवावं, "डेंग्यू झालेला, येतील परत", आणि विषय मिसळीवर न्यावा. केस थोडे कापून घेतले, भांग बदलला की विरळपणा कमी दिसतो. घाई मात्र करून चालत नाही, केस महिन्याला १ सेंटीमीटर वाढतो, खांद्यापर्यंत यायलाच दोन-अडीच वर्षं. आधी कपाळाजवळ बारीक उभे केस दिसायला लागतात, ते तुटलेले समजून चापूनचोपून बसवू नका, तेच नवे आहेत.

सहा महिने उलटले तरी थांबत नाही, गोल चट्टे पडलेत म्हणजे चाई असेल, भुवया पण जातायत, डोक्याला खाज किंवा पू आहे, किंवा वजन, पाळी, थकवा यातही गडबड वाटतेय, तर मग तेलाच्या दुकानात न जाता त्वचेच्या डॉक्टरकडं जा, सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात पण ओपीडी आहे. ताप कधी आला होता ते आठवून जा आणि चालू असलेली सगळी औषधं सांगा. बायोटिन घेत असाल तर ते आवर्जून सांगा, कारण बायोटिनमुळं थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू व्हायची.