मंदीला घड्याळ नसतं: अर्मा अ‍ॅडेलमन यांनी काय दाखवलं

‘दर ठरावीक वर्षांनी मंदी येतेच, अर्थव्यवस्थेच्या पोटातच ते घड्याळ आहे’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो खरा नाही. 1959 साली अर्थशास्त्रज्ञ अर्मा अ‍ॅडेलमन यांनी पती फ्रँक यांच्यासह तो चक्क संगणकावर तपासला होता.

त्यांनी अमेरिकी अर्थव्यवस्थेचं क्लाइन-गोल्डबर्गर प्रारूप घेतलं, म्हणजे समीकरणांत मांडलेली अर्थव्यवस्थेची प्रतिकृती. 25 समीकरणं, आणि हाताशी आयबीएम 650 हे यंत्र. प्रारूप शंभर वर्षं पुढे चालवलं. बाहेरून धक्का दिला नाही, तर तेजी-मंदीचं चक्र उमटलंच नाही; आकडे एका संथ वाटेवर सरकत राहिले. एकच मोठा धक्का दिला, तरी गाडी लवकरच रुळावर आली. मग प्रत्येक समीकरणात लहान लहान यादृच्छिक (कसलाही ठरावीक क्रम नसलेले) धक्के सोडले आणि अमेरिकेच्या इतिहासातल्यासारखी चक्रं दिसू लागली! असे धक्के साठून लाटा बनू शकतात, ही कल्पना स्लुत्स्की आणि फ्रिश या आधीच्या अर्थशास्त्रज्ञांची. पण राष्ट्रव्यापी प्रारूपावर ती अशी पारखणं हे मोठंच काम होतं.

एका प्रारूपाने सगळं सिद्ध होत नाही, हे मान्य. तरीही मंदीची तारीख सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

रोमानियात 1930 साली जन्मलेल्या अर्मा पुढे विषमतेकडे वळल्या. अर्थशास्त्रज्ञ शर्मन रॉबिन्सन यांच्यासोबत त्यांनी दक्षिण कोरियाचं प्रारूप बांधलं, त्यात प्रश्न होता: धोरण बदललं की गरिबाच्या हाती किती पडतं? मला त्यांचं हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.